कोरियन मालिका : पडद्यातळीच्या दोन ओळी

दक्षिण कोरियातील दूरचित्रवाणी मालिका हा आता केवळ त्या देशापुरता विषय राहिलेला नाही. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने सप्टेंबर २०२१ मध्ये कोरियन भाषा व संस्कृतीशी संबंधित २६ शब्दांना एकाच वेळी प्रवेश दिला, त्यात 'के-ड्रामा' हा शब्दही होता. स्ट्रीमिंग सेवांमुळे या मालिका भारतातील शहरी प्रेक्षकांच्याही परिचयाच्या झाल्या आहेत. नेटफ्लिक्सने दिलेल्या माहितीनुसार, २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये भारतातील कोरियन मालिकांचे प्रेक्षण ३७० टक्क्यांहून अधिक वाढले.

या लोकप्रियतेची चर्चा करताना कलाकार, वेशभूषा, खाद्यपदार्थ, संगीत अशा गोष्टींचा उल्लेख हमखास होतो. मात्र कोरियन न जाणणारा प्रेक्षक प्रत्यक्षात ज्यावर अवलंबून असतो, त्या पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या दोन ओळींकडे, म्हणजे सबटायटल्सकडे, फारसे लक्ष जात नाही. मालिकेचे कथानक, पात्रांचे परस्परसंबंध आणि त्यांवर होणारी चर्चा हे सारे या दोन ओळींतून गाळून येते. त्या ओळी कोण लिहितो आणि त्यात काय गळून जाते, हे समजून घेतल्याशिवाय या मालिकांचा प्रवास पूर्णपणे ध्यानात येत नाही.

सोळा भागांची चौकट

कोरियात खासगी एसबीएस वाहिनीचे प्रक्षेपण १९९१ मध्ये सुरू झाले आणि केबीएस, एमबीसी व एसबीएस या तीन प्रमुख वाहिन्यांमध्ये चुरस वाढली. १९९५ मध्ये एसबीएसवर आलेली 'सँडग्लास' ही मालिका त्या काळाचे प्रतीक मानली जाते. १९८० मधील ग्वांगजू येथील उठाव आणि त्यावरील लष्करी कारवाई तिच्या कथानकात होती. मालिका पाहण्यासाठी लोक लवकर घरी परतत, म्हणून तिला 'घरी परतण्याचे घड्याळ' असे टोपणनावच पडले होते.

रात्रीच्या मुख्य वेळेतील मालिका आठवड्यातून दोन दिवस, सोमवार-मंगळवार किंवा बुधवार-गुरुवार अशा जोडीने दाखविण्याची पद्धत रूढ झाली. साधारण सोळा भाग आणि प्रत्येक भाग सुमारे तासाभराचा, म्हणजे दोन महिन्यांत कथा संपते. शनिवार-रविवारच्या कौटुंबिक मालिका पन्नास भागांपर्यंत जातात, तर अर्ध्या तासाच्या दैनंदिन मालिकांचे शंभराहून अधिक भाग होतात. दूरदर्शनवरील तेरा भागांच्या मालिका आठवणाऱ्या मराठी प्रेक्षकाला शेवट ठरलेल्या कथेचे हे आकर्षण वेगळे सांगावे लागणार नाही.

या चौकटीत लेखकाला मोठे स्थान असते. बहुतेक मालिका एकच लेखक लिहितो आणि या क्षेत्रात स्त्रियांचे वर्चस्व आहे. 'गॉब्लिन', 'मिस्टर सनशाइन' आणि 'द ग्लोरी' लिहिणाऱ्या किम उन-सूक, 'क्रॅश लँडिंग ऑन यू' व 'क्वीन ऑफ टीअर्स'च्या लेखिका पाक जी-उन, तसेच 'सिग्नल' आणि 'किंगडम'च्या किम उन-ही यांची नावे प्रेक्षक अभिनेत्यांइतक्याच आवर्जून घेतात.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. प्रक्षेपण सुरू झाल्यानंतरही चित्रीकरण चालूच राही आणि संहितेची सुटी पाने ऐन वेळी कलाकारांच्या हाती पडत. अशा पानांसाठी कोरियन भाषेत 'च्चोकदेबोन' असा स्वतंत्र शब्दच आहे. तंत्रज्ञांची होणारी दमछाक हा २०१६ मध्ये सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. टीव्हीएन वाहिनीवरील एका मालिकेचे सहायक दिग्दर्शक ली हान-बित यांच्या मृत्यूनंतर कामाच्या अमानुष तासांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २०१८ मध्ये त्यांच्या नावाने माध्यम कामगारांच्या हक्कांसाठी केंद्र स्थापन झाले.

सीमेपलीकडे

चीनच्या सरकारी वाहिनीने १९९७ मध्ये 'व्हॉट इज लव्ह' ही कौटुंबिक मालिका दाखविली आणि तिला मोठा प्रतिसाद मिळाला. त्यानंतरच्या काळात चिनी माध्यमांत 'हाल्ल्यू', म्हणजे कोरियन लाट, हा शब्द रूढ झाला. २००२ मधील 'विंटर सोनाटा' ही वीस भागांची मालिका जपानच्या एनएचकेने २००३ मध्ये उपग्रह वाहिनीवर आणि २००४ मध्ये सर्वसाधारण वाहिनीवर दाखविली. तिचा नायक बे योंग-जून याला मध्यमवयीन जपानी स्त्रियांनी डोक्यावर घेतले आणि चित्रीकरण झालेल्या नामी बेटावर पर्यटकांची रीघ लागली.

या मालिकेची एक गोष्ट विशेष नोंद घेण्याजोगी आहे. आधीची प्रक्षेपणे जपानीत डब केलेली होती. मात्र प्रेक्षकांना पात्रांचे मूळ आवाज ऐकायचे होते. त्यामुळे २००४ च्या अखेरीस एनएचकेने हीच मालिका काटछाट न करता, मूळ कोरियन आवाजात आणि जपानी सबटायटल्ससह पुन्हा दाखविली. भाषा समजत नसतानाही ती ऐकण्याची ही ओढ पुढे जगभरच्या प्रेक्षकांत दिसून आली.

भारतात या मालिका सर्वप्रथम रुजल्या त्या ईशान्येत. मणिपूरमधील एका भूमिगत संघटनेने २००० मध्ये हिंदी चित्रपट व वाहिन्यांवर बंदी घातली. त्यामुळे निर्माण झालेल्या पोकळीत आरिरांग आणि केबीएस वर्ल्ड या कोरियन वाहिन्या केबलद्वारे, तर मालिका नक्कल केलेल्या डीव्हीडींद्वारे घरोघरी पोहोचल्या. दूरदर्शनने २००६ च्या सुमारास 'एम्परर ऑफ द सी' आणि राजवाड्यातील पाकशाळेपासून राजवैद्य होण्यापर्यंतचा एका स्त्रीचा प्रवास सांगणारी 'दे जांग गम' या मालिका हिंदीत डब करून दाखविल्या होत्या. मात्र त्या प्रयोगाला सातत्य लाभले नाही.

हौशी अनुवादकांची फळी

कोरियाबाहेरील, विशेषतः पाश्चात्त्य देशांतील प्रेक्षकांना अधिकृत मार्गाने मालिका मिळत नव्हत्या, त्या काळात हे काम चाहत्यांनी केले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सूम्पी' या संकेतस्थळावर कोरियन कलाकारांविषयी चर्चा होत असे. दोन्ही भाषा जाणणारे हौशी अनुवादक प्रक्षेपणानंतर काही तासांतच इंग्रजी ओळी तयार करीत. एखाद्या चालीरीतीचा किंवा शब्दखेळाचा खुलासा पडद्याच्या वरच्या बाजूला टीप म्हणून देण्याची पद्धत त्यांचीच.

याच हौशी श्रमांवर २००७ मध्ये 'विकी' ही सेवा उभी राहिली. 'व्हिडिओ' आणि 'विकी' या शब्दांच्या जोडणीतून तिचे नाव तयार झाले. येथे एक स्वयंसेवक संवादांचे कालखंड पाडतो, दुसरा इंग्रजी अनुवाद करतो, तिसरा तो तपासतो आणि पुढे इंग्रजीवरून अन्य भाषांत अनुवाद होतात. चित्रफीत सुरू असतानाच त्या त्या क्षणी प्रेक्षकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया दिसण्याची सोयही तेथे करण्यात आली. एकट्याने पाहिलेला भाग शेजारी बसून पाहिल्यासारखा वाटावा, हा त्यामागील हेतू. २०१३ मध्ये जपानच्या राकुतेन या कंपनीने ही सेवा विकत घेतली. अधिक काम करणाऱ्या स्वयंसेवकांना विनामूल्य सदस्यत्वासारख्या सवलती मिळतात, मात्र अनुवादाचा मोठा भाग आजही बिनपगारी आहे.

अशा सेवांचे आयुष्य किती अनिश्चित असते, हे 'ड्रामाफीव्हर'च्या उदाहरणावरून स्पष्ट झाले. २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही सेवा २०१४ मध्ये सॉफ्टबँककडे आणि २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडे गेली. १६ ऑक्टोबर २०१८ रोजी ती बंद करण्यात आली. प्रेक्षकांच्या पाहून झालेल्या आणि पाहायच्या राहिलेल्या मालिकांच्या याद्या, तसेच त्यांनी लिहिलेले अभिप्राय एका दिवसात नाहीसे झाले.

'अहो-जाहो' आणि 'अरे-तुरे'

कोरियन संवादांचा अनुवाद कठीण होण्याचे प्रमुख कारण म्हणजे त्या भाषेतील आदरार्थाची व्यवस्था. समोरच्या व्यक्तीचे वय, हुद्दा आणि तिच्याशी असलेली जवळीक यांनुसार क्रियापदाचे रूप बदलते. आदराच्या बोलण्याला 'जोन्देन्माल' आणि सलगीच्या बोलण्याला 'बान्माल' म्हणतात. मराठी वाचकाला हा भेद 'अहो-जाहो' आणि 'अरे-तुरे' या दोन शब्दांत समजावा. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी 'यू' हे एकच सर्वनाम आहे.

अनेक प्रेमकथांचा कलाटणीचा क्षण याच बदलात दडलेला असतो. नायक-नायिका कित्येक भाग एकमेकांशी औपचारिक बोलतात आणि एके दिवशी त्यांच्यापैकी एकजण सलगीने बोलण्याची परवानगी मागतो. यासाठीच्या कोरियन वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ 'बोलणे खाली ठेवणे' असा होतो. याउलट भांडणाच्या भरात एखाद्या कनिष्ठाने वरिष्ठाला एकेरीत संबोधले, तर ते वाक्य शिवीइतकेच जहाल ठरते. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्ही प्रसंगी साधे वाक्य उमटते आणि पडद्यावरची पात्रे एवढी का बावरली, हे प्रेक्षकाला कळत नाही.

नातेवाचक संबोधनांचेही तसेच आहे. मुलगी मोठ्या भावाला 'ओप्पा' म्हणते, तर मुलगा मोठ्या भावाला 'ह्यंग' म्हणतो. हीच संबोधने रक्ताचे नाते नसलेल्या, पण वयाने मोठ्या आणि जवळच्या व्यक्तीलाही लावली जातात. आपल्याकडे 'दादा', 'ताई', 'काकू' हे शब्द शेजारीपाजारी आणि बाजारातही चालतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की 'ओप्पा' हे प्रियकरालाही उद्देशून म्हटले जाते. इंग्रजीत या सर्वांच्या जागी बहुधा व्यक्तीचे नाव येते.

तांत्रिक मर्यादांमुळे अडचणीत भर पडते. नेटफ्लिक्सच्या नियमांनुसार इंग्रजी सबटायटल जास्तीत जास्त दोन ओळींचे असते, एका ओळीत ४२ अक्षरे मावतात आणि ते सात सेकंदांहून अधिक काळ पडद्यावर राहत नाही. टीप देण्यास तेथे जागाच उरत नाही.

'स्क्विड गेम'चा वाद

नेटफ्लिक्सने २०१६ च्या जानेवारीत कोरियात सेवा सुरू केली आणि जानेवारी २०१९ मध्ये 'किंगडम' ही आपली पहिली कोरियन मूळ मालिका आणली. १७ सप्टेंबर २०२१ रोजी आलेल्या नऊ भागांच्या 'स्क्विड गेम'ने लोकप्रियतेचे सर्व विक्रम मोडले. २०२२ च्या एमी पुरस्कारांत ह्वांग दोंग-ह्योक यांना दिग्दर्शनाचा आणि ली जंग-जे यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

याच मालिकेने अनुवादाचा प्रश्न प्रथमच जगाच्या चव्हाट्यावर आणला. मालिकेतील हान मि-न्यो ही गरीब, तोंडाळ स्त्री आपल्याविषयी सांगते, की ती हुशार आहे, फक्त तिला शिकण्याची संधी मिळाली नाही. इंग्रजी मजकुरात मात्र आपण काही अलौकिक बुद्धीच्या नसलो तरी निभावून नेतो, अशा अर्थाचे वाक्य आले. परिस्थितीमुळे वाया गेलेली बुद्धी, हे पात्राचे आणि पर्यायाने मालिकेचेही सूत्र त्या एका ओळीत पुसले गेले. हीच स्त्री एका गुंडाला लाडीगोडीने 'ओप्पा' म्हणते, तेथे इंग्रजीत 'बेब' असा शब्द आला.

या वादातून एक उपयुक्त माहिती मात्र सर्वांपर्यंत पोहोचली. सेवेवर इंग्रजीचे दोन पर्याय होते. 'सीसी' असे लिहिलेला पर्याय श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी असून तो इंग्रजी डबिंगच्या संवादांना धरून होता. डबिंगचे वाक्य पात्राच्या ओठांच्या हालचालींशी जुळवावे लागते, त्यामुळे ते मूळापासून अधिक दूर जाते. साधा 'इंग्रजी' पर्याय त्या मानाने मूळ संवादांच्या जवळ होता. चर्चेतील अनेकजण एकच मालिका पाहूनही प्रत्यक्षात वेगवेगळे शब्द वाचत होते.

भारतीय प्रेक्षकांना याच मालिकेतील अली या पाकिस्तानी स्थलांतरित कामगाराची भूमिका जवळची वाटली. ती साकारणारा अनुपम त्रिपाठी हा दिल्लीचा अभिनेता असून तो २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर कोरियाच्या राष्ट्रीय कला विद्यापीठात शिकण्यास गेला होता. अली सुरुवातीला सांग-वू या सुशिक्षित स्पर्धकाला 'साजांगनिम', म्हणजे 'मालक', असे संबोधतो. सांग-वू त्याला 'ह्यंग' म्हणण्यास सांगतो. मालकाचा मोठा भाऊ झाला, म्हणूनच पुढे होणारा विश्वासघात अधिक हादरविणारा ठरतो. 'दादा' म्हणण्याचा अर्थ जाणणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तो प्रसंग समजावून देण्याची गरज नसते, मात्र तो शब्द त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा.

बोलीचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा आहे. मार्च २०२५ मध्ये आलेली 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरीन्स' ही मालिका जेजू बेटावर घडते. तिचे मूळ शीर्षक जेजूच्या बोलीत असून त्याचा अर्थ 'खूप कष्ट घेतलेत' असा कृतज्ञतेचा आहे. प्रमाण कोरियन बोलणाऱ्याला मात्र तेच शब्द 'फसलो' अशा अर्थाचे भासतात. युनेस्कोने २०१० मध्ये या बोलीची नोंद नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या भाषांत केली आहे. याच बेटावरील 'अवर ब्लूज' या २०२२ मधील मालिकेत खुद्द कोरियन प्रेक्षकांसाठी प्रमाणभाषेतील ओळी द्याव्या लागल्या होत्या. जगभरच्या प्रेक्षकांनी मात्र दोन्ही भाषा एकाच इंग्रजीत वाचल्या.

चर्चेची बदललेली लय

आठवड्यातून दोन भाग ही पद्धत चर्चेला पोषक होती. कोरिया भारतापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने तेथील रात्रीचा भाग येथे सायंकाळी संपतो आणि काही वेळातच सबटायटल्ससह उपलब्ध होतो. पुढील भागापर्यंतचे दिवस तर्कवितर्कांत जातात. मुख्य नायकाऐवजी दुसऱ्या नायकात जीव गुंतणे, याला 'सेकंड लीड सिंड्रोम' असे नावही चाहत्यांनीच दिले.

सर्व भाग एकाच दिवशी देण्याच्या पद्धतीने ही लय मोडली. एकाने शेवट पाहिलेला असतो, दुसरा तिसऱ्या भागावर असतो आणि रहस्यभेदाच्या भीतीने दोघेही गप्प राहतात. सेवांनाही याची जाणीव झाल्याचे दिसते. 'द ग्लोरी' ही मालिका डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आली, तर 'टँजरीन्स'चे सोळा भाग चार आठवड्यांत, दर आठवड्याला चार याप्रमाणे देण्यात आले.

हक्क कोणाकडे?

आर्थिक गणितही बदलले आहे. 'डिसेंडंट्स ऑफ द सन' ही २०१६ मधील मालिका प्रक्षेपणापूर्वीच पूर्ण चित्रित झाली होती, कारण चीनमध्ये एकाच वेळी दाखविण्यासाठी तेथील नियमांप्रमाणे संपूर्ण मालिका आधी सादर करणे आवश्यक होते. त्याच वर्षी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरून दोन्ही देशांचे संबंध बिघडले आणि चिनी बाजारपेठ जवळपास बंद झाली. ती उणीव मोठ्या प्रमाणावर स्ट्रीमिंग सेवांनी भरून काढली. नेटफ्लिक्सने एप्रिल २०२३ मध्ये कोरियात चार वर्षांत २५० कोटी डॉलर गुंतविण्याची घोषणा केली.

या गुंतवणुकीमुळे निर्मितीचा दर्जा आणि खर्च दोन्ही वाढले, तसेच हक्कांचा प्रश्नही उभा राहिला. ब्लूमबर्गने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, 'स्क्विड गेम'च्या निर्मितीस सुमारे दोन कोटी १४ लाख डॉलर खर्च आला आणि कंपनीने तिचे मूल्य सुमारे ९० कोटी डॉलर आकारले होते. मालिकेचे हक्क मात्र कंपनीकडेच होते. याउलट 'एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू' या २०२२ मधील मालिकेचे हक्क एस्टोरी या निर्मितीसंस्थेने स्वतःकडे राखले. ईएनए या फारशा परिचित नसलेल्या वाहिनीवर एक टक्क्याहून कमी प्रेक्षकसंख्येने सुरू झालेली ही मालिका अखेरच्या भागात साडेसतरा टक्क्यांवर पोहोचली आणि परदेशांत नेटफ्लिक्सवरूनच पाहिली गेली.

मधल्या भाषेचा अडसर

भारतातील प्रेक्षकांसाठी आता हिंदी, तमिळ व तेलुगूत डब केलेल्या अनेक कोरियन मालिका उपलब्ध आहेत. या भाषांत 'आप' आणि 'तुम'सारखा भेद करता येतो, तो मराठीतही आहे. तरीही इंग्रजी मजकुरावरून अनुवाद केल्यास मूळातील आदर आणि सलगी यांचा अंदाजच बांधावा लागतो. इंग्रजीत एकदा सपाट झालेले वाक्य पुन्हा उभे करणे अनुवादकाच्या हाती नसते. कोरियन व मराठी या दोन्ही समाजांत वयाचा मान, नात्याची संबोधने आणि बोलण्यातील अंतर यांना सारखेच महत्त्व आहे, परंतु त्यांची भेट हे भेद नसलेल्या तिसऱ्या भाषेत घडते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येणाऱ्या परकीय भाषांत कोरियनचा समावेश आहे. ती शिकलेल्यांपैकी काहीजण उद्या थेट मराठीत ओळी लिहू लागले, तर पडद्यावरील नायिकेने 'अहो' म्हणणे कोणत्या भागात सोडले, हे मराठी प्रेक्षकाला विचारावे लागणार नाही.

चौकट : नेहमी कानी पडणारे शब्द

ओप्पा – मुलीने वयाने मोठ्या भावाला, मित्राला किंवा प्रियकराला दिलेली हाक.
ऑन्नी – मुलीने मोठ्या बहिणीला किंवा मैत्रिणीला दिलेली हाक.
ह्यंग – मुलाने मोठ्या भावाला किंवा मित्राला दिलेली हाक.
नूना – मुलाने मोठ्या बहिणीला किंवा मैत्रिणीला दिलेली हाक.
सनबे, हूबे – शाळेत वा कार्यालयात आपल्या आधी आलेला आणि नंतर आलेला.
अजुम्मा, अजुस्सी – मध्यमवयीन स्त्री व पुरुष. 'अजुम्मा' हे संबोधन तरुण स्त्रीला लावल्यास राग ओढवतो.
सागुक – ऐतिहासिक मालिका.
माकजांग – अतिरंजित योगायोग, सूड आणि कौटुंबिक रहस्ये यांनी भरलेली मालिका.